तिबोला आणायला कोण गेलं?

तुला जाऊन महिना होत आला, श्रीकांत. घर आवरून झालं. तुझे कोट देऊन टाकले, उरलेली औषधं फार्मसीतल्या पेटीत टाकली, बर्फ काढायचं यंत्र समोरच्या घरी गेलं. अजूनही रोज कुणीतरी डबा घेऊन येतं. वरण, भात, एक भाजी. जाताना दारात उभं राहून सगळे एकच वाक्य म्हणतात, "वहिनी, सरदार गेला हो." मी हो म्हणते आणि आधीचा डबा धुऊन परत देते.

इथल्या मराठी मंडळात तुला सगळे सरदारच म्हणायचे. तू आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकवर काम केलंस, पण आपल्या या ट्रॉय गावात त्याचं कौतुक कुणाला? इथे निम्मे लोक गाड्यांचंच काहीतरी करतात. तुझी खरी ओळख म्हणजे ओबेर द व्हालनॉय. चौदाव्या शतकातला एक फ्रेंच सरदार. तू सांगेपर्यंत मंडळात कुणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. मला वाटतं, फ्रान्समध्येही फारसं कुणी ऐकलं नसावं.

दिलीपभाऊजींनी मंडळाच्या अंकासाठी लेख मागितलाय. म्हणाले, "आठवणी लिहा, वहिनी. हलकंफुलकं चालेल." हलकंफुलकं मला येत नाही. आणि तुझ्याबद्दल लोकांना सांगण्यासारखं जे होतं, ते तू स्वतःच त्यांना पुष्कळ सांगून ठेवलंयस. म्हणून तुझ्याशीच बोलते.

कंपनीनं तुला काही महिने फ्रान्सला पाठवलं, तिथे हे सुरू झालं. आपला केदार तेव्हा सातवीत होता. रविवारी करायला काही नसायचं म्हणून तू जवळच्या एका खेड्यातलं चर्च बघायला गेलास. तिथे ओबेर दगडात झोपलेला होता. अंगावर चिलखत, हात जोडलेले, पायाशी सिंह. शेजारी बायको आलिक्स, तिच्या पायाशी कुत्रा. तू त्या रात्री मला फोन केलास आणि तासभर त्या कबरीबद्दलच बोललास. लग्न झाल्यापासून तू सलग इतका वेळ कशाबद्दलच बोलला नव्हतास.

परत आल्यावर तू फ्रेंच शिकायला लागलास. पंचेचाळिशी उलटलेला माणूस ऑफिसला जाता-येता गाडीत धडे ऐकतो, सिग्नलला थांबला की मोठ्यानं क्रियापदं म्हणतो. शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, तुला पर्वा नव्हती. जुन्या कागदांच्या प्रती मागवल्यास, ती वेडीवाकडी अक्षरं वाचायला शिकलास, आणि शेवटी मराठीत पुस्तक लिहायला घेतलंस. तुझी ही चिकाटी मला आवडायची. हे मी तुला सांगायला हवं होतं. राहिलं.

ओबेरची गोष्ट तू जेवणाच्या टेबलावर सांगायचास, आणि छान सांगायचास. लढाईत घोडा पडला आणि ओबेर इंग्रजांच्या हाती लागला. त्या काळची रीत अशी, की मोठ्या घरच्या कैद्याला मारायचं नाही, खंडणी मागायची. ती जमवायला त्याला शब्दावर घरी सोडायचं, आणि त्यानं शब्द मोडू नये म्हणून त्याच्या घरचं एक माणूस ठेवून घ्यायचं. ओबेरनं धाकटा मुलगा दिला. तिबो, वय वर्षं सहा. ओबेर घरी आला. आलिक्सनं तिच्या माहेरची जमीन विकली. तेवढ्यात राजाचं बोलावणं आलं, म्हणून ओबेरनं त्या पैशातून घोडे आणि माणसं उभी केली आणि पुन्हा युद्धावर गेला. दोन किल्ले घेतले. राजानं मान दिला. शेवटी म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला. इथे तू थांबायचास, आणि लोक म्हणायचे, काय माणूस असेल!

"आणि मुलगा?" मी स्वयंपाकघरातून विचारायचे.

"कुठला मुलगा?"

"ठेवलेला."

"अगं, त्याचं पुढे काही सापडत नाही. साधनं नाहीत."

"म्हणजे त्याला सोडवलंच नाही?"

"तसं म्हणता येत नाही. साधनं नाहीत, एवढंच म्हणता येतं. आणि आपल्याकडे तरी काय, सरदारांची मुलं मोगलांकडे ओलीस राहायचीच की. काळच तसा होता."

दिलीपभाऊजी हसायचे. "वहिनी, इतिहासाला पुरावा लागतो. तुमची माया नाही चालत तिथे."

"पुऱ्या अजून लागणार आहेत का, तेवढं सांगा," मी म्हणायचे, आणि विषय संपायचा.

तुला वाटायचं, मी तुझ्या छंदावर चिडते. मी छंदावर कधीच चिडले नाही.

केदार नऊ महिन्यांचा असताना आपण त्याला मिरजेला पाठवलं, तुझ्या आईकडे. ज्यांना हे माहीत नाही त्यांना विचित्र वाटेल, पण तेव्हा आपल्या ओळखीतली निम्मी घरं हेच करत होती. दोघांपैकी एकाची परीक्षा, दुसऱ्याची नवी नोकरी, जवळ कुणी नाही; मग सुट्टीवर भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर तरी, नाहीतर आपणच जाऊन, मूल आजी-आजोबांकडे पोचवायचं. त्यात लाज नव्हती. उलट लोक म्हणायचे, नशीबवान आहात, तुमच्याकडे सोय आहे. माझी फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा होती. तू म्हणालास, "दोनच वर्षं." मी हो म्हटलं.

परीक्षा मी पहिल्याच वर्षी पास झाले. मग तुझं ग्रीन कार्डचं प्रकरण सुरू झालं, वकील म्हणाला देश सोडू नका. मग कंपनीनं माणसं कमी केली, तुला दुसरीकडे जावं लागलं. प्रत्येक कारण खरं होतं, ते मी आजही नाकारत नाही. पण कारणं संपली तेव्हाही मी म्हणाले, आता आणूया, आणि तू म्हणालास, "रुळलाय गं तो तिथे. आता हलवायला नको." रुळलाय. या शब्दावर मी तुझ्याशी जेवढं भांडले तेवढं दुसऱ्या कशावरही भांडले नाही. शेवटी तो आला तेव्हा दोनाची जवळजवळ पाच वर्षं झाली होती.

मधे एकदाच आपल्याला जाता आलं. तो तीन वर्षांचा होता. दारात माझ्याकडे बघून त्यानं तुझ्या आईला विचारलं, "या मावशी जेवायला थांबणार आहेत का?" तू खो-खो हसलास. पुढे कितीतरी पार्ट्यांमध्ये तू हा किस्सा सांगितलास. लोक हसायचे. मीही हसायचे, तोंडानं.

तुझ्या आईबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी त्याला सांभाळलं तसं मला जमलं असतं की नाही, कोण जाणे. पण तू दर भांडणात तेच काढायचास. "मिरजेत काय कमी होतं त्याला? अंगण होतं, आंबे होते, आजोबांबरोबर रोज कृष्णेवर जायचा." कमी काय होतं, ते तुला सांगावं लागत होतं, यातच सगळं आलं.

तो दहावीत असताना तू आम्हाला ते चर्च दाखवायला नेलंस. तू इतका खूश होतास, की विमानात झोपलाही नाहीस. चर्चमध्ये आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. तू आम्हाला कबरीभोवती फिरवलंस. चिलखताच्या कड्या, सिंहाचे दात, ओबेरच्या नाकाचा उडालेला टवका. कबरीच्या बाजूला दगडात छोट्या छोट्या मुलांची रांग कोरलेली होती, हात जोडून उभी. ओबेरची मुलं, तू म्हणालास, आणि एकेकाचं नाव सांगितलंस.

केदारनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, यातला तिबो कुठला?"

"तिबो यात नाही."

"का?"

"तो इथे नव्हता ना."

"मग त्याला आणायला कोण गेलं?"

"साधनं नाहीत, बेटा," तू म्हणालास, आणि वाकून आलिक्सच्या बाहीची कलाकुसर दाखवायला लागलास.

केदार बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. संध्याकाळी हॉटेलात मी तुला म्हटलं, "त्यानं तिबोबद्दल नव्हतं विचारलं."

"मग?"

"तुझ्यासमोर उभा राहून विचारत होता तो. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

तू बूट काढता काढता थांबलास. मग म्हणालास, "काहीतरीच. प्रत्येक गोष्टीत मिरज आणू नकोस." आणि दिवा घालवलास.

ते भांडण आपण कधी संपवलं नाही. मला वाटत होतं, वेळ आहे.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुला कधीच माफ केलं नाही. मंडळात इतरांची मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि केदार स्वच्छ मराठी बोलायचा. गणपतीच्या नाटकात मुख्य काम त्याचंच. लोक तुला विचारायचे, "कसं जमवलंत हो? आमचा रोहन तर 'आई, व्हॉट इज डिनर' याच्या पुढे जात नाही." आणि तू म्हणायचास, "आम्ही घरी पहिल्यापासून मराठीच बोलतो. नियमच केलाय." कुठल्या घरी, श्रीकांत? केदार शेजारी उभा असायचा. त्यानं तुला कधी खोटं पाडलं नाही. मीही नाही.

तुझ्या बाजूनंही सांगायला हवं. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो ठेवायच्या आत तू तिकीट काढलं होतंस. माझी सकाळची शिफ्ट असायची तेव्हा थंडीत माझ्या आधी उठून माझ्या गाडीवरचा बर्फ काढायचास, इंजिन चालू करून ठेवायचास, आणि काही न बोलता परत झोपायचास. कितीतरी हिवाळे. दुसरा कुणी असता तर त्यानं ते बोलून दाखवलं असतं. तू चांगलं केलेलंही बोलायचा नाहीस आणि वाईट केलेलंही. मला त्यातलं अर्धंच सोसण्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान सांगितलं तेव्हा केदार त्याच्या नोकरीच्या गावाहून, अल्फारेटाहून, आला आणि शेवटपर्यंत राहिला. लॅपटॉप घेऊन आला होता, तुझ्या खोलीतूनच काम करायचा. मला वाटलं, आता तरी. मी मुद्दाम खाली जाऊन बसायचे, तुम्हा दोघांना वेळ मिळावा म्हणून. वर येऊन बघायचे तर तू त्याला पुस्तकाची प्रुफं तपासायला बसवलेलं. "तुझं मराठी माझ्याहून चांगलं आहे. एकही चूक राहता कामा नये." आणि तो तपासायचा, लाल पेन घेऊन, एकेक पान.

एक दिवस मी पाणी घेऊन आले तेव्हा तिबोचं पान चाललं होतं. पान कसलं, ओळच. तीनशे पानांत त्या पोराला एक ओळ. तू डोळे मिटून पडला होतास. म्हणालास, "केदार, 'धाकट्या मुलास ओलीस ठेवले' बरं वाटतं, की 'ओलीस म्हणून सोपवले'?"

त्यानं लाल पेन खाली ठेवलं. "ठेवलं बरं आहे, बाबा."

"हं. राहू दे मग."

मी पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, आता तू डोळे उघडशील. तू म्हणालास, "पुढचं पान."

त्यानंतर काही दिवसांतच तू गेलास.

ते पुस्तक छापायला मी तयार नव्हते. दिलीपभाऊजींनी छपाईचं सगळं ठरवलं होतं, मी त्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. केदारच म्हणाला, "आई, छापू दे. मेहनत केलीय त्यांनी."

"आणि ती ओळ?"

"ओळ जशी आहे तशी राहू दे. तुझं भांडण बाबांशी आहे, ते पुस्तकावर नको काढूस. आणि माझ्या नावावर तर अजिबात नको."

पुस्तक छापायला गेलं.

मग तुझी शोकसभा झाली. मंडळाचा हॉल भरला होता. तुझा फोटो, हार, समई. दिलीपभाऊजी चांगलं बोलले, तुझ्यावर त्यांचं खरंच प्रेम होतं. शेवटी म्हणाले, "श्रीकांतनं ओबेरला मराठीत आणलं, ही त्याची कामगिरी आहेच. पण त्याहून मोठी कामगिरी इथे पहिल्या रांगेत बसली आहे. साता समुद्रापार राहून मुलाला असं मराठी देणं, हे येरागबाळ्याचं काम नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. केदार उठला. त्याचं बोलायचं ठरलेलं नव्हतं.

"दोन मिनिटं बोलतो," तो म्हणाला. "दिलीपकाका प्रेमानं म्हणाले, पण ते बरोबर नाही. मला मराठी बाबांनी नाही दिलं. मिरजेच्या आजीनं दिलं. साडेपाच वर्षांचा होईपर्यंत मी तिच्याकडे होतो. आई-बाबा इथे होते. बाबांचं पुस्तक मी तपासलंय. चांगलं आहे, सगळ्यांनी वाचा. त्यात तिबो नावाचा एक मुलगा आहे. मी बाबांना एकदा विचारलं होतं, त्याला आणायला कोण गेलं. ते म्हणाले, साधनं नाहीत." तो तुझ्या फोटोकडे वळला. "मी तुमच्या समोरच होतो, बाबा. एवढंच."

आणि येऊन माझ्या शेजारी बसला.

मी समोर बसलेल्यांकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मान खाली घालून बसलेले बरेचसे आपल्याच वयाचे आहेत. जळगाव, नागपूर, सोलापूर, ठाणे. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा. आपण सगळेच आपापल्या किल्ल्यांवर गेलो होतो.

दिलीपभाऊजी माझ्याकडे आले. हळूच म्हणाले, "वहिनी, आजच्या दिवशी हे..."

"मग कुठल्या दिवशी, भाऊजी?"

त्यांच्या मागून उषा आली, त्यांची बायको. ती माझ्याशी न बोलता सरळ केदारपाशी गेली. "आमची नेहा पण होती रे, जळगावला. दोन वर्षं. तिनं कधी काही विचारलं नाही मला."

"तुम्ही विचारा, काकू," केदार म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला. मग तसंच उभं राहून म्हणाली, "आता काय विचारू? काय म्हणून विचारू?" तो म्हणाला, "फोन करा. सुचेल." आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

घरी येताना गाडी मी चालवत होते. त्यानं विचारलं, "आई, मी इथे आलो तेव्हा मला एअरपोर्टवर घ्यायला कोण आलं होतं? मला फक्त त्या बाईंचा हात आठवतो, ज्यांच्याबरोबर आलो."

मी त्याला सांगितलं. बाबांच्या पहिल्या नोकरीतल्या एक बाई भारतातून परत येत होत्या, त्यांच्याबरोबर तुला पाठवलं होतं. विमान दुपारी होतं, पण बाबा पहाटेपासून आवरून बसले होते. मी म्हटलं, इतक्या लवकर जाऊन काय करणार? तरी आम्ही गेलो. आदल्या दिवशी ऑफिसमध्ये आजारी आहे असं खोटं सांगून ते दुकानं हिंडले होते, तुझ्यासाठी कोट आणायला. लाल कोट. तुझं माप कुणाला माहीत होतं? खूप मोठा आणला. तू बाहेर आलास तेव्हा त्या बाईंचा हात सोडेनास. बाबा तुझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी तुला तो कोट घातला, बाह्या दुमडल्या, आणि गाडी आणतो म्हणून निघून गेले. गाडी समोरच होती. आणायला त्यांना अर्धा तास लागला. आले तेव्हा डोळे सुजले होते.

केदार ऐकत होता. "तो कोट आठवतो मला. दोन हिवाळे घातला मी तो. मला वाटायचं, आजीनं दिलाय मिरजेहून."

"मिरजेत कुठले आलेत असले कोट?"

"हो ना. ते कधी डोक्यातच आलं नाही." खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मग हे बाबांनी मला कधीच का नाही सांगितलं?"

इतकी वर्षं असं काही त्यानं विचारलं की मी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. बाबा दमलेत. बाबांना तसं म्हणायचं नव्हतं. बाबांचा स्वभावच तसा आहे. तुझ्या वाटची कितीतरी वाक्यं मीच बोलले आहे.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

ते उत्तर तुझं होतं, श्रीकांत. द्यायला पंचवीस वर्षं होती तुझ्याजवळ.